सुट्टीच्या ऐन गर्दीत थीम पार्कला एकटीने जावे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मैत्रिणीबरोबर २८ डिसेंबरची दोन तिकिटे काढली होती, तिचे येणे ऐनवेळी रद्द झाले आणि तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत. घरच्यांचे म्हणणे असे की त्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा एकटीने दिवसभर रांगेत ताटकळण्यापेक्षा तिकीट वाया गेलेले परवडले. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: जावे की नाही, गेल्यास वरचे पैसे भरून छोट्या, प्राधान्याच्या रांगेतून सोडणारा एक्स्प्रेस पास घ्यावा का, आणि कुटुंबांच्या घोळक्यात एकटी बाई विचित्र दिसेल का.

मी एका थीम पार्कच्या राइड विभागात बारा वर्षे काम केले. त्यातली पहिली चार वर्षे राइडच्या गाडीत माणसे चढतात त्या फलाटाच्या तोंडाशी उभे राहून ‘किती जण?’ हा एकच प्रश्न विचारण्यात गेली. पुढे रांगांची आखणी आणि वेळापत्रके माझ्याकडे आली. नोकरी सुटल्यावर सुट्टीच्या हंगामात मी अनेक पार्क पाहिली आणि त्यातली बहुतेक एकटीनेच पाहिली. त्यामुळे पुढचे उत्तर रांगेच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेल्या गोष्टींवरचे आहे.

माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या भीती एकमेकींत मिसळल्या आहेत. एक गर्दीची आणि दुसरी एकटेपणाची. घरच्यांनी त्यांची बेरीज केली आहे, म्हणजे गर्दी वाईट, एकटे असणेही वाईट, म्हणून गर्दीत एकटे असणे दुप्पट वाईट. प्रत्यक्षात या दोन गोष्टी बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. गर्दीचा खरा फटका सहा जणांच्या कुटुंबाला बसतो, कारण त्यांना सहा आसने एकत्र हवी असतात, सहा जणांचे एकमत हवे असते, आणि एकाला तहान लागली की सहाही जण थांबतात. एकट्या माणसाला एकच आसन लागते, आणि गर्दी जितकी जास्त तितकी अशी सुटी आसने जास्त. ‘एकटा जीव सदाशिव’ ही म्हण मला फलाटावर उभी असताना जितकी पटली तितकी एरवी कधी पटली नाही.

मात्र काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मान्य करते. तुम्ही पार्कचे नाव दिलेले नाही. ज्या पार्कमध्ये मोठ्या रोलर कोस्टर बऱ्याच आहेत तिथे माझे उत्तर निःशंक ‘जा’ असे आहे. जिथे मुख्य आकर्षण संथ बोटी, अंधाऱ्या दालनांतून फिरणाऱ्या गाड्या आणि पात्रांच्या भेटी हे आहे, तिथे एकटे असण्याचा रांगेत फारसा फायदा मिळत नाही आणि २८ तारखेला त्या रांगा खरोखरच लांब असतात. पार्क थंड प्रदेशात असेल तर आणखी एक अडचण असते. कडाक्याच्या थंडीत आणि जोराच्या वाऱ्यात उघड्यावरच्या उंच कोस्टर बंद ठेवाव्या लागतात, कारण वंगण घट्ट होते, चाके कडक होतात, गाडी अपेक्षेपेक्षा हळू धावते आणि एखादा चढ पार न करताच मध्ये थांबू शकते. अशा दिवशी सगळी गर्दी छपराखालच्या राइडवर लोटते. तेव्हा पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या आठवड्यात काय चालू आणि काय बंद आहे, हे आधी पाहा. सगळी पार्क सणाच्या दिवशी उघडी असतात असेही नाही. जर्मनीतले युरोपा-पार्क हिवाळी हंगामातही २४ आणि २५ डिसेंबरला बंद असते. सजावटीचेही तसेच. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कमध्ये नाताळची सजावट नव्या वर्षापर्यंत टिकते, तर टोकियोत २५ डिसेंबर संपला की ती उतरवून नव्या वर्षाची तयारी सुरू होते. केवळ सजावटीसाठी जाणार असाल तर २८ तारखेला ती असेल ना, हे विचारून घ्या.

आता मुख्य मुद्दा, आसनांचा. बहुतेक मोठ्या पार्कमध्ये काही राइडना एकट्याने बसायला तयार असलेल्यांसाठी ‘सिंगल रायडर’ नावाची वेगळी रांग असते. ती सवलत आहे असे लोकांना वाटते, पण पार्कच्या दृष्टीने ती निव्वळ काटकसर आहे. गाडी एक आसन रिकामे घेऊन गेली की ते आसन त्या फेरीपुरते कायमचे वाया गेले, आणि मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाची वाट तेवढ्याने लांबली. म्हणून फलाटावरच्या कर्मचाऱ्याला एकटा माणूस दिसला की बरे वाटते. एक उदाहरण डोळ्यांसमोर आणा. डिस्ने कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर या पार्कमधल्या ‘रेडिएटर स्प्रिंग्स रेसर्स’ या २०१२ साली सुरू झालेल्या राइडची गाडी सहा आसनांची आहे, तीन-तीनच्या दोन ओळी. चौघांचे कुटुंब आले की दोन आसने उरतात. पुढे तिघे उभे असतील तर ते त्या दोनांत मावत नाहीत आणि वेगळे बसायला तयार होत नाहीत. मागे रांग तुंबलेली असते आणि गाडी सोडायला काही सेकंदच उरलेले असतात. त्या क्षणी कर्मचारी बाजूच्या रांगेकडे वळून दोन बोटे दाखवतो आणि एकमेकांना न ओळखणारे दोघे पुढे येऊन बसतात. ते दोघे मुख्य रांगेतल्या लोकांपेक्षा बऱ्याच उशिरा आलेले असतात, आणि त्यांच्यामुळे कुणाचा एक मिनिटही गेलेला नसतो.

पण ही रांग नेहमीच लवकर सरकते असे समजू नका. ती किती वेगाने सरकेल हे आसनांच्या मांडणीवर ठरते. नेदरलँड्समधल्या एफ्टलिंग या पार्कच्या ‘बॅरन १८९८’ या कोस्टरमध्ये सहा-सहा आसनांच्या तीन ओळी आहेत. तिथे चौघे, पाच जण, तिघे अशी माणसे येत राहतात आणि जवळजवळ प्रत्येक फेरीत काही ना काही उरते. उलट फ्लोरिडातल्या ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ या २००६ सालच्या कोस्टरच्या गाडीत ३४ आसने आहेत, पण ती दोन-दोनच्या ओळींत. तिथे जोडपी आणि चौघांची कुटुंबे अगदी नेमकी बसतात आणि फक्त तिघांचा किंवा पाच जणांचा गट आला तरच एक आसन सुटते. ओळ जितकी रुंद तितका एकट्याचा फायदा जास्त, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ आहे. जिथे प्रत्येक गटाला स्वतंत्र गाडी किंवा बोट देतात तिथे ही रांग बहुधा नसतेच, आणि जिथे समोरासमोर बसून वजन तोलावे लागते अशा काही राइडवर एकट्याला बसू देत नाहीत किंवा अनोळखी जोडीदार देतात. रांगेच्या तोंडाशी असलेल्या फलकावर ते लिहिलेले असते.

रांगेत शिरण्याआधी मी एक छोटा हिशेब करते, तो सांगते. समजा २४ आसनांची गाडी दर ९० सेकंदांनी सुटते, म्हणजे तासाला ४० फेऱ्या आणि ९६० माणसे. प्रत्येक फेरीत सरासरी दोन आसने सुटी राहत असतील तर एकट्यांच्या रांगेतून तासाला ८० जण जातील. तुमच्यापुढे ६० जण उभे असतील तर तुम्हाला ४५ मिनिटे लागतील. मुख्य रांगेच्या फलकावर ४० मिनिटे लिहिलेले असेल तर सिंगल रायडरच्या रांगेत उभे राहण्यात काहीच अर्थ नाही, उलट मुख्य रांगेत वाटेवरची सगळी सजावट पाहायला मिळेल, जी एकट्यांच्या रांगेत बहुधा वगळलेली असते. या साध्या भागाकाराला रांगेच्या शास्त्रात ‘लिटलचा नियम’ म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची सिद्धता दिली. रांगेतली माणसे भागिले तासाला जाणारी माणसे, की वाट पाहण्याचा वेळ हाती येतो. दोन फेऱ्या सुटेपर्यंत लांबून पाहा आणि बाजूच्या रांगेतून किती जण आत घेतले ते मोजा. एका फेरीवरून अंदाज बांधू नका, कारण कधी पाच जण एकदम जातात आणि पुढच्या तीन फेऱ्यांत एकही जात नाही.

फलकावरच्या वेळेबद्दल आतली गोष्ट सांगते. आमच्याकडे ४० मिनिटांची रांग असेल तर आम्ही ५० लिहीत असू, कारण सांगितल्यापेक्षा लवकर नंबर लागलेला माणूस खूश होऊन बाहेर पडतो. पार्क बंद होण्याच्या आधीच्या तासात तर आकडा मुद्दाम फुगवलेला असे, म्हणजे नवीन माणसे कमी येतील आणि कर्मचारी वेळेवर सुटतील. सगळीकडे असेच चालते असा माझा दावा नाही, पण संध्याकाळी उशिरा फलकावर ७५ दिसले म्हणून परत फिरू नका, रांगेची शेपटी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मग ठरवा.

एक्स्प्रेस पासचा प्रश्न याच हिशेबाला जोडून येतो. प्राधान्य रांगेची कल्पना जुनी आहे. डिस्नेने १९९९ साली फास्टपास आणला तेव्हा तो तिकिटातच मिळत असे, आता बहुतेक ठिकाणी त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. दोन रांगा फलाटाजवळ एकत्र येतात तिथे कर्मचारी ठरलेल्या प्रमाणात माणसे सोडतो आणि हे प्रमाण प्राधान्य रांगेच्या बाजूने झुकलेले असते. वरच्याच उदाहरणात चारातली तीन आसने पासवाल्यांना गेली तर साध्या रांगेच्या वाट्याला तासाला ९६० ऐवजी फक्त २४० माणसे येतात. अशा वेळी साध्या रांगेत दोनशेच जण दिसले तरी ती ५० मिनिटांची असते. सुट्टीच्या आठवड्यात ‘रांग तर छोटीच दिसत होती, मग तास कसा गेला’ अशी तक्रार ऐकू येते, तिचे कारण बहुतेकदा हेच असते. राइड मध्ये बंद पडून पुन्हा सुरू झाली की तर पहिली काही मिनिटे जवळजवळ सगळी आसने तुंबलेल्या पासवाल्यांना जातात.

मग पास घ्यावा का? मी तुमच्या जागी असते तर आदल्या रात्री मनापासून करायच्या आठ राइड कागदावर लिहिल्या असत्या आणि ज्यांना सिंगल रायडर रांग आहे त्यांच्यापुढे खूण केली असती. खुणा पाच किंवा त्याहून जास्त असतील तर पास घेऊ नका. उरलेल्या तीन राइड सकाळच्या पहिल्या तासात आणि रात्रीच्या शेवटच्या तासात बसतात. खुणा दोन-तीनच असतील आणि तिथे पुन्हा जाण्याचा योग लवकर येणार नसेल, तर पास घ्या आणि त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. एकटीने जाताना पासचा खर्चही एकटीचाच असतो, चार जणांचा नव्हे, ही गोष्ट लोक विसरतात. फक्त काही पार्कमध्ये पास मर्यादित संख्येने विकले जातात आणि सुट्टीच्या दिवसांत ते लवकर संपतात, तेव्हा ‘तिथे जाऊन बघू’ हे धोरण त्या आठवड्यात चालेलच असे नाही. शिवाय पासचे प्रकार बरेच असतात. एक राइड एकदाच, ठरावीक राइड एकेकदा, किंवा कितीही वेळा, यातला कोणता आपण विकत घेतोय हे नीट वाचा.

दिवस कसा कापावा याबद्दल थोडक्यात. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात गर्दी नसलेला दिवस नसतो, पण गर्दी नसलेले तास असतात. दार उघडल्यानंतरचा पहिला तास सोन्याचा. जाहीर वेळेच्या निदान ४५ मिनिटे आधी दाराशी पोहोचा, कारण बॅगतपासणीची रांग हीच त्या दिवसाची पहिली राइड असते. बॅग नसलेल्यांसाठी वेगळी वाट असेल तर तिथून तुम्ही दहा मिनिटांत आत जाल. पहिल्या तासात सिंगल रायडरच्या नादी लागू नका. तेव्हा मुख्य रांगाच छोट्या असतात, आणि ज्या राइडला एकट्यांची रांग नाही त्या आधी उरका. अकरा ते चार हा सगळ्यात वाईट काळ, तो एकट्यांच्या रांगा, बंदिस्त सभागृहातले कार्यक्रम आणि बसून जेवण यांना द्या. तारखेची निवड तुमच्या हातात उरलेली नाही, पण पुढच्या वेळेसाठी सांगून ठेवते: १ जानेवारीची सकाळ या आठवड्यातली सगळ्यात शांत सकाळ असते, कारण आदल्या रात्री जागलेली माणसे दुपारपर्यंत उगवत नाहीत.

एकटीच्या हातातली आणखी एक मोठी गोष्ट म्हणजे ताबडतोब बेत बदलता येणे. पार्कच्या ॲपवर एखादी राइड ‘तात्पुरती बंद’ दिसत असेल आणि तुम्ही जवळपास असाल तर अधूनमधून पाहत राहा. ती पुन्हा सुरू होते तेव्हा साधी रांग रिकामी झालेली असते, कारण आतल्यांना बाहेर काढलेले असते. कुटुंब ही बातमी कळल्यावर चर्चा करते, कुणी पाळण्यात असते, कुणी स्वच्छतागृहात, आणि ते पोहोचेपर्यंत पंधरा मिनिटे गेलेली असतात. पासवाले आधी परतले नाहीत तर तुम्ही चार मिनिटांत तिथे असता. एका मोठ्या पार्कमध्ये दुपारी तीनच्या सुमारास, फलकावर एरवी दोन तास दाखवणाऱ्या राइडवर मी अशीच सहा मिनिटांत बसले होते. तसे रोज घडत नाही.

आता एकटे असण्याची खरी गैरसोय सांगते, आणि ती लोकांच्या नजरांची मुळीच नाही. ती बॅगची आहे. बरोबर कुणी असते तेव्हा एक जण सामान धरतो आणि दुसरा बसतो. एकटीला प्रत्येक वेळी लॉकर शोधावा लागतो, त्याची रांग लावावी लागते, आणि सिंगल रायडरमध्ये वाचवलेली वीस मिनिटे तिथे खर्च होतात. मी वर्षानुवर्षे माणसांना शेवटच्या क्षणी फलाटावरून परत पाठवले आहे, केवळ पाठीवरच्या पिशवीमुळे. यावर उपाय एकच, सामानच नेऊ नका. साखळी असलेल्या खोल खिशांचे जॅकेट किंवा पँट, खिशात फोन, एक कार्ड, थोडी रोकड, ओळखपत्र आणि सपाट चार्जर, चष्मा असेल तर मागून बांधायचा पट्टा, बस्स. कमरेचा छोटा पाऊच अनेक कोस्टरवर चालतो, पण सगळीकडे नाही. युनिव्हर्सल ऑर्लँडोतल्या २०२१ सालच्या ‘व्हेलॉसीकोस्टर’सारख्या काही राइडवर खिशातल्या सुट्या वस्तूही लॉकरमध्ये ठेवाव्या लागतात. मात्र तिथले लॉकर रांगेच्या वाटेतच आहेत आणि दोन्ही बाजूंनी उघडतात, त्यामुळे बसण्याआधी एका बाजूने सामान ठेवायचे आणि उतरल्यावर दुसऱ्या बाजूने काढायचे. थंडीसाठी जाड कोट नेणार असाल तर तो अंगावरच राहील अशा मापाचा घ्या, हातात धरायचा कोट म्हणजे आणखी एक पिशवीच.

दुसरी गैरसोय शरीराची. रांग सोडून पुन्हा जागेवर येणे एकटीला जमत नाही, कारण जागा धरायला कुणी नसते. लांब रांगेत शिरण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या, पाण्याची बाटली भरून घ्या. जेवणाचेही तसेच, टेबल धरणे आणि जेवण आणणे ही दोन कामे एकाच माणसाला एकाच वेळी करता येत नाहीत. फोनवरून मागणी नोंदवण्याची सोय असेल तर आधी बसा आणि मग मागवा. नसेल तर अकराच्या आधी किंवा तीननंतर जेवा. बसून जेवण्याच्या जागी एका माणसाची सोय नोंदणीशिवायही बऱ्याचदा होते. दारावर विचारण्यात काही जात नाही.

मिरवणूक आणि आतषबाजी यांसाठी कुटुंबे तासभर आधी जागा धरून बसतात. तुम्ही तसे करू नका. शेवटच्या दहा मिनिटांत दोन कुटुंबांच्या मध्ये एका माणसापुरती फट हमखास असते, आणि नम्रपणे विचारले तर लोक सरकतात. आपल्यामागे लहान मूल असेल तर मात्र त्याला पुढे उभे राहू द्यावे. मिरवणुकीची फारशी हौस नसेल तर तीच वेळ राइडसाठी उत्तम, कारण सगळे रस्त्याच्या कडेला उभे असतात. फक्त मिरवणुकीचा मार्ग आधी पाहून ठेवा, नाही तर ती संपेपर्यंत तुम्ही नको त्या बाजूला अडकून पडाल.

तिसरा प्रश्न विचित्र दिसण्याचा. राइडवर काम करणाऱ्यांच्या नजरेतून सांगते: आम्ही दिवसाला हजारो माणसे पाहत असू आणि एकटी येणारी माणसे त्यांत रोज असत. ‘किती जण?’ या प्रश्नाला कुणी एक बोट वर केले की आमच्या मनात त्याच्याबद्दल काहीही येत नसे, फक्त ‘तिसरी ओळ’ एवढेच येत असे. बाकीचे पाहुणे स्वतःची मुले सांभाळण्यात इतके गुंतलेले असतात की त्यांना तुमच्याकडे पाहायला फुरसत नसते.

मात्र स्वतःला काय वाटेल हा वेगळा प्रश्न आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली रांगांच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला, त्यात एक विधान असे आहे की एकट्याने पाहिलेली वाट गटाने पाहिलेल्या वाटेपेक्षा लांब वाटते. त्याच लेखात रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, असेही आहे. दोन्ही खरे आहे, आणि दुसऱ्यात पहिल्याचा उपाय आहे. लांब रांगेसाठी काहीतरी राखून ठेवा, कानात ऐकण्याची एखादी मालिका किंवा फोनवर उतरवून ठेवलेले पुस्तक. फोन सतत पाहिला तर दुपारीच बॅटरी संपते, आणि तिकीट, नकाशा, परतीची गाडी असे सगळे त्यातच असते, म्हणून मी ऐकणे पसंत करते. एकच कान भरलेला ठेवा, म्हणजे घोषणा ऐकू येतील.

माझ्या अनुभवात सकाळ सहज निघून जाते आणि अवघड वेळ येते ती दिवे लागण्याची. हिवाळ्यात साडेचार-पाचला अंधारून येते, झाडांवरच्या माळा एकदम पेटतात, सगळे फोटो काढायला थांबतात, आणि ‘हे बघ’ म्हणायला शेजारी कुणी नसते. पहिल्या वेळी मी त्या क्षणी सरळ बाहेरच्या दाराकडे चालू लागले होते, हातात तीन तास शिल्लक असताना. आता मी त्या वेळेसाठी मुद्दाम बसण्याचे काम ठेवते, गरम पेय किंवा सभागृहातला कार्यक्रम, आणि घरी फोनही तेव्हाच करते. अर्ध्या तासात मन थाऱ्यावर येते. शिवाय पाय दुखत असतात, हे त्या उदासीचे निम्मे कारण असते असे मला वाटू लागले आहे.

सुरक्षिततेबद्दल चार शब्द. कोणत्या पार्कमध्ये आहात आणि कधी परतणार हे एका माणसाला सांगून ठेवा. राहण्याच्या जागेचा पत्ता आणि तातडीचा फोन क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवा, फोन बंद पडला तर तोच उपयोगी पडतो. रक्तदाब, चक्कर किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर फलकावरच्या सूचना नुसत्या वाचू नका, पाळा, कारण बरोबर ओळखीचे कुणी नसताना तुम्हाला नेमके काय होते आहे हे कर्मचाऱ्याला तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. बरे वाटेनासे झाले तर प्रथमोपचार केंद्रात जाऊन पडण्यात संकोच करू नका, ते त्यासाठीच असते. आतषबाजी संपताच निघणाऱ्या लोंढ्यात शिरू नका. अर्धा तास आतच थांबा, तोवर बसथांबा आणि गाडीतळ दोन्ही ओसरतात. गाडीने जाणार असाल तर ती कुठे लावली त्या खांबाचा फोटो सकाळीच काढा.

शेवटच्या राइडबद्दल एक सूचना. बंद होण्याच्या वेळेआधी रांगेत शिरलेल्यांना बहुतेक पार्क राइड करू देतात, म्हणून सगळ्यात लांब रांगेची राइड शेवटच्या पाच-दहा मिनिटांसाठी ठेवता येते. मात्र एकट्यांची रांग त्याआधीच बंद केलेली असू शकते, तेव्हा त्या वेळी मुख्य रांगेतच उभ्या राहा.

राहिले मैत्रिणीचे तिकीट. पैसे परत मिळत नसले तरी तारीख बदलून देण्याची सोय काही पार्कमध्ये असते, पण ती बहुधा तिकिटावरची तारीख उलटण्याआधीच वापरावी लागते. तिला आजच तिच्या नावाने विचारणा करायला सांगा. तुम्ही २८ तारखेला दाराशी जाऊन तिच्या वतीने विचारले तर ज्याच्या नावावर तिकीट आहे त्यानेच यावे, असे उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.